अक्षाभ्यंजन आणि आगगाडीची वंगणपेटी : एका मताचें परीक्षण

(१) मत व त्याचे अवयव

वेदकाळीं आंसास वंगण घालण्याचें शास्त्र पूर्णतेस पोंचलें होतें, आणि आगगाडीच्या डब्याच्या आंसास आपोआप तेल पुरविणारी जी पेटी असते तिचें बीज त्या शास्त्रांतच आहे, असें मत व्याख्यानांतून व विद्वानांच्या संभाषणांतून अधूनमधून ऐकूं येतें. हें मत मांडणारे बहुधा संस्कृतज्ञ असतात. आम्हींही जन्मभर संस्कृतच शिकविलें असल्यामुळें या मताची चिकित्सा करण्याचा भार आमच्याच पक्षानें उचलावा हें आम्हांस योग्य वाटतें. परपक्षानें केलेली टीका द्वेषमूलक म्हणून बाजूस सारतां येते. स्वपक्षाची तशी सारतां येत नाहीं.

प्रस्तुत मताचे अवयव तीन आहेत. प्राचीन ग्रंथांत आंसास स्नेह लावण्याचे स्पष्ट उल्लेख आहेत, हा पहिला. मराठींतील ‘वंगण’ हा शब्द त्याच परंपरेंतून आलेला आहे, हा दुसरा. म्हणून आगगाडीची वंगणपेटी ही त्याच विद्येची पुढील पायरी होय, हा तिसरा. पैकीं पहिला अवयव सर्वथा खरा आहे, दुसरा आमच्या मतें खरा आहे, आणि तिसरा पहिल्या दोहोंपासून मुळींच निष्पन्न होत नाहीं. हें क्रमानें दाखवितों.

(२) ग्रंथांचा आधार

सोमयागांत हविर्धान नांवाचे दोन गाडे असतात. ते पुढें चालविण्याचा विधि तैत्तिरीय संहितेच्या सहाव्या कांडांत, दुसऱ्या प्रपाठकाच्या नवव्या अनुवाकांत आला आहे. तेथें आंसास वरुण म्हटलें असून तो दोन्ही बाजूंनीं बांधलेला व दुष्ट वाणीचा आहे असें वर्णिलें आहे. तो कुरकुरला तर त्याचा तो आवाज यजमानाच्या घरावर येतो. म्हणून त्यानें घरास उद्देशून चांगलेंच बोलावें अशी प्रार्थना करितात, व यजमानपत्नी त्यास तूप माखते. पत्नीच कां, तर ती सर्वांची मित्र असते म्हणून. शतपथ ब्राह्मणाच्या तिसऱ्या कांडांतही पत्नीच्या हस्तें आंस माखण्याचा विधि आहे.

या स्थळांत व्यवहाराचें ज्ञान उघड दिसतें. कोरडा आंस ओरडतो, स्निग्ध आंस गप्प राहतो, व ओरडणें हें पुढील अनिष्टाचें चिन्ह आहे, या तीन गोष्टी ज्यांनीं गाडा हांकला आहे त्यांनाच सुचतील. परंतु विधीचें प्रयोजन शांति हें आहे. गाडा किती कोस गेल्यावर पुन्हां तूप लावावें याचा तेथें विचार नाहीं, व असण्याचें कारणही नाहीं, कारण यज्ञमंडपांतील गाडा चार पावलें चालावयाचा असतो.

व्यवहाराशीं अधिक जवळचें स्थळ चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत आहे. काळीं येणारा मृत्यु व अकाळीं येणारा मृत्यु यांचा भेद अग्निवेशास समजावून देतांना आत्रेय गाड्याच्या आंसाचा दृष्टान्त घेतात. चांगला आंस नीट वापरला तर झिजून झिजून आपल्या वेळीं संपतो. तोच आंस ओझें फार झालें, रस्ता खांचखळग्यांचा असला, रस्ता सोडून गाडा हांकला, चाक मोडलें, बैलांत किंवा हांकणाऱ्यांत दोष असला, खीळ निसटली, वंगण पडलें नाहीं, किंवा गाडा उलटला, तर मध्येंच मोडतो. यंत्राच्या नाशाच्या कारणांची इतकी नेटकी यादी जुन्या वाङ्मयांत क्वचितच आढळेल. वंगणाच्या अभावास तींत ओझें व रस्ता यांच्या जोडीला स्वतंत्र स्थान दिलें आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

तिसरें स्थळ जैनांचें. अकलंकदेवाच्या तत्त्वार्थवार्तिकांत मुनीच्या भिक्षेचा एक प्रकार ‘अक्षम्रक्षण’ या नांवानें सांगितला आहे. रत्नांनीं भरलेला गाडा वाणी जसा हाताशीं येईल त्या स्निग्ध पदार्थानें आंस माखून इष्ट स्थळीं नेतो, तसा मुनीनें गुणरत्नांनीं भरलेला देहाचा गाडा मिळेल त्या अन्नानें चालवावा, हा त्याचा भाव. दृष्टान्त सुंदर आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतील महत्त्वाचा शब्द ‘कोणताही स्निग्ध पदार्थ’ हा होय. ज्या काळीं कोणतेंही तेल चालत होतें त्या काळीं वंगण ही गरज होती, तिचें शास्त्र अजून झालेलें नव्हतें. आगगाडीच्या आंसास कोणतेंही तेल चालत नाहीं, हें पुढें दिसून येईल.

(३) शब्दाचा विचार

‘वंगण’ शब्दाचें ‘ओंगण’ असें दुसरें रूप आहे, आणि हिंदींत गाडीच्या आंसास तेल देण्यास ‘औंगना’ म्हणतात. तैत्तिरीय संहितेंत पत्नीच्या क्रियेस जो धातु योजिला आहे तो उप उपसर्गपूर्वक अञ्ज् हा होय. त्यापासून ‘वंगण’ आला असें म्हणतांना एक अडचण दिसते. ‘उपांजन’ या रूपापासून मराठींत ‘ज’ शिल्लक राहावयास हवा होता, ‘ग’ येण्यास कारण नव्हतें.

ही अडचण व्याकरणानेंच सुटते. घञ् प्रत्यय लागला असतां धातूच्या अंतींच्या जकाराचा गकार होतो, असा पाणिनीचा सातव्या अध्यायांत नियम आहे. अभि उपसर्ग लागून ‘अभ्यंजन’ व ‘अभ्यंग’ अशीं दोन्ही रूपें होतात, हें दिवाळीच्या पहाटे तेल लावून घेणाऱ्या मुलासही ठाऊक असतें. त्याच न्यायानें ‘उपांजन’ व ‘उपांग’. चरकाच्या वरील यादींत वंगणाच्या अभावाचा जो शब्द आहे तो या ‘उपांग’ रूपापासूनच झालेला आहे. शरीराचें किंवा वेदाचें उपांग तें वेगळें. हें माखणें या अर्थाचें. ‘उप’ चा प्राकृतांत ‘उव’ किंवा ‘ओ’ होतो, त्यापासून ‘ओंगणें’ ही क्रिया, ‘ओंगण’ हें नाम, व तोंडांतल्या तोंडांत ‘ओ’ चा ‘व’ होऊन ‘वंगण’, असा क्रम आम्हीं लावतों.

वंग म्हणजे कथील, या धातूशीं ‘वंगण’ शब्द जोडण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. आगगाडीच्या जुन्या बेअरिंगांस आंतून जो पांढऱ्या धातूचा मुलामा असे त्यांत कथील हें मुख्य द्रव्य असे, म्हणून हा मोह अधिकच बळावतो. परंतु कथील, तांबें व अँटिमनी यांच्या त्या मिश्रणाचा बोलबाला आयझॅक बॅबिट यानें १८३९ सालीं अमेरिकेंत पेटंट घेतल्यानंतरचा आहे. बैलगाडीस वंगण त्याच्या कितीतरी आधींपासून लागत होतें. उच्चारांत सारखेपणा आहे एवढ्यावरून दोन वस्तूंचें नातें ठरविल्यास काय फसगत होते याचें हें चांगलें उदाहरण आहे. आणि आमचा मुख्य आक्षेपही याच जातीचा आहे.

(४) वस्तूचा विचार

शब्द वेदांतून आला म्हणून वस्तूही वेदांतून आली असें होत नाहीं. दोन्ही वस्तु समोर ठेवून पाहिल्या पाहिजेत.

बैलगाडींत आंस स्थिर असतो व चाक त्याच्याभोंवतीं फिरतें. ‘दोन्ही बाजूंनीं बांधलेला’ हें संहितेंतील वर्णन या रचनेशीं चांगलें जुळतें. घर्षण चाकाच्या तुंब्याच्या आंत होतें. तेथें वंगण पोंचवावयाचें म्हणजे गाडी उभी करावी, खीळ काढावी, चाक बाहेर ओढावें, आंस माखावा, पुन्हां चाक बसवावें. कोंकणांत उंडीचें तेल, करंजेल, जें घरांत असेल तें याकामीं येई. गाडी चालू असतां कोणी वंगण घालीत नसे, व घालण्याची सोयही नव्हती.

आगगाडींत चाकें आंसावर घट्ट बसविलेलीं असतात व आंस चाकांसह फिरतो. आंसाचीं दोन्ही टोंकें चाकांच्या बाहेर आलेलीं असतात. जुन्या पद्धतींत त्या प्रत्येक टोंकावर पितळेचा अर्धगोल तुकडा पालथा बसवीत, आणि डब्याचा सर्व भार त्या तुकड्यांवर असे. याच्याभोंवतीं जी लोखंडी पेटी तिला ‘ॲक्सल बॉक्स’ म्हणत. भार वरून येतो, आंसाची खालची बाजू मोकळी राहते, आणि फिरत्या आंसाचा प्रत्येक भाग क्षणोक्षणीं त्या मोकळ्या बाजूस येऊन पुन्हां भाराखालीं जातो. आपोआप वंगण मिळण्याची सर्व युक्ति या रचनेंत आहे.

प्रथम पेटींत घट्ट वंगण भरीत. लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेचा कार्यवाह हेन्री बूथ यानें १८३५ सालीं ताडाचें तेल, चरबी, सोडा व पाणी यांच्या मिश्रणाचें पेटंट घेतलें. आंस तापला म्हणजे हें वंगण वितळून खालीं उतरे व आंस थंड झाला म्हणजे पुन्हां थिजे. दोषानेंच औषध सोडवून घ्यावें अशी ही योजना. तिच्यांत उणीव एवढीच, कीं आंस तापेपर्यंत वंगण उतरत नसे, आणि थंडींत गाडी ओढण्यास जड जाई.

पुढें पेटीच्या तळाशीं पातळ तेल ठेवून त्यांत भिजलेला लोकरीचा कचरा किंवा गादी आंसाच्या खालच्या अंगास टेकती ठेवूं लागले. दिव्याच्या वातींत तेल जसें आपण होऊन चढतें तसें तें लोकरीच्या तंतूंतून वर चढे. आंस फिरतांना तें उचलून पितळेखालीं नेई. उरलेलें पुन्हां तळाशीं गळे. गाडी उभी राहिली कीं पुरवठा थांबे. चालूं लागली कीं सुरू होई. मनुष्याचा हात त्या क्रियेंत कोठेंही नसे. ‘आपोआप’ या शब्दाचा अर्थ इतका आहे, व तो अर्थ वर उल्लेखिलेल्या तिन्ही ग्रंथस्थळांपैकीं एकांतही नाहीं.

(५) ‘तत्त्व एकच आहे’ या आक्षेपाचें उत्तर

यावर पूर्वपक्ष असें म्हणेल कीं, रचना भिन्न असली तरी स्नेहानें घर्षण कमी होतें हें तत्त्व एकच आहे, व तें प्राचीनांस ठाऊक होतें. हा आक्षेप वरवर पाहतां बळकट दिसतो. परंतु आगगाडीच्या पेटींत जें घडतें त्याचें तत्त्व युरोपांतील यंत्रज्ञांसही १८८३ पर्यंत नीट ठाऊक नव्हतें.

त्या वर्षीं बोशां टॉवर नांवाच्या इंजिनियरानें लंडनच्या यांत्रिक इंजिनियरांच्या संस्थेसाठीं केलेल्या प्रयोगांचें पहिलें टिपण प्रसिद्ध झालें. त्याच्या यंत्रांतही आंस फिरत होता, वर पितळेचा तुकडा भार घेऊन बसला होता, आणि आंसाची खालची बाजू तेलांत बुडालेली होती. पितळेंत वरून तेल घालण्यासाठीं त्यानें एक भोंक पाडलें, तों तेल आंत जाण्याऐवजीं त्यांतून बाहेर येऊं लागलें. त्यानें भोंकास बूच मारलें, तें उडालें. लांकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर फेंकली गेली. दाबमापक लावला तेव्हां कांटा चौरस इंचास २०० पौंडांच्या पलीकडे गेला. पितळेवरील सरासरी भार मात्र १०० पौंडांचाच होता. फिरणारा आंस तेलास आपल्याबरोबर ओढून निमुळत्या फटींत कोंबतो व त्या दाबानें सबंध भार उचलला जातो, असें गणित ऑसबर्न रेनॉल्ड्स यानें १८८६ सालीं मांडलें. म्हणजे धांवत्या गाडींत धातूवर धातु घासतच नाहीं. डबा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो.

आंसास तूप लावणाऱ्या यजमानपत्नीस, किंवा रत्नांचा गाडा नेणाऱ्या वाण्यास, हें ठाऊक असण्याचा संभव नाहीं. बैलाच्या चालीनें फिरणाऱ्या चाकांत व हाताशीं येईल त्या तेलांत असा अखंड थर टिकून राहणें दुरापास्त. टिकतो तो चिकटपणानें. म्हणून तत्त्व एकच आहे हें म्हणणेंही टिकत नाहीं. एक आहे तो अनुभव : कोरडें तें तापतें, ओरडतें व मोडतें. तो अनुभव चरकानें जसा नोंदला तसा आगगाडीच्या कामगारानेंही घेतला. लोकरीची गादी सरकली किंवा तेल संपलें कीं आंस तापे, पांढरा धातु वितळून जाई, आणि वेळींच गाडी थांबविली नाहीं तर आंसाचें टोंक तुटून डबा रुळावरून घसरे.

(६) परदेशांतील एक तुल्य उदाहरण

अभिमानापोटीं इतिहास वाढविण्याचा हा दोष आमच्याच देशांत आहे असें नाहीं. एलायजा मॅककॉय हा गुलामगिरींतून पळून कॅनडांत गेलेल्या नीग्रो दांपत्याचा मुलगा. त्यानें एडिंबरोस यंत्रविद्येचें शिक्षण घेतलें. परंतु अमेरिकेंत वर्णामुळें त्यास मिशिगन सेंट्रल रेल्वेवर कोळसे घालण्याचें व तेल देण्याचेंच काम मिळालें. त्या कामांतून त्यानें १८७२ सालीं स्वयंचलित तेलपात्राचें पेटंट मिळविलें. पुढें अशी कथा रूढ झाली कीं, त्याच्या पूर्वीं तेलासाठीं गाड्या जागोजाग थांबत व त्याच्या एका शोधानें चाकांस व आंसांस आपोआप तेल मिळूं लागलें.

वस्तुतः त्याचें पेटंट वाफेच्या एंजिनांतील सिलिंडरांस तेल देण्याचें होतें, डब्यांच्या आंसांस देण्याचें नव्हे. आणि त्या जातीचें एक उपकरण रॅम्सबॉटम यानें इंग्लंडांत १८६० सालींच केलें होतें. इतकें वजा केलें तरी मॅककॉयचें मोठेपण तिळमात्र कमी होत नाहीं. ज्याला हातांत केवळ तेलाची झारी दिली गेली त्यानें त्या झारींतच शोध लावला, ही खरी गोष्ट कल्पित गोष्टीहून अधिक थोर आहे. मात्र खऱ्या श्रेयास खोट्याची जोड दिली म्हणजे खोटें उघडकीस आल्यावर खऱ्यावरचाही लोकांचा विश्वास उडतो. वेदांतील अक्षाभ्यंजनासही हाच धोका आहे.

(७) आपल्याकडील वृत्त

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत पहिली उतारूंची गाडी तीन एंजिनांनीं १४ डबे ओढीत नेली. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें या देशांत वंगणपेटी व तिची देखभाल करणारा कामगार ही जोडी चालत आली. पेटी आपोआप तेल देई हें खरें. परंतु तळाचें तेल कोणीतरी भरावें लागे, लोकर पिंजून, भिजवून, नीट दाबून बसवावी लागे, आणि गाडी स्टेशनांत आली कीं पेट्यांवर हात ठेवून, वास घेऊन, तापलेली कोणती तें ओळखावें लागे. यंत्रानें हात सुटला तो आंस माखण्याच्या कामांतून; पहाऱ्याच्या कामांतून सुटला नाहीं. एंजिनाच्या व पुलांच्या इतिहासांत या मनुष्याचें नांव येत नाहीं.

त्याची गरज कमी केली ती रोळांच्या बेअरिंगांनीं. १ जून १९३० रोजीं सुरू झालेल्या मुंबई–पुणें ‘डेक्कन क्वीन’ गाडीच्या गौरवांत अशा बेअरिंगांचे डबे तिनें प्रथम आणले, असें रेल्वेखातें सांगतें. २ ऑक्टोबर १९५५ रोजीं मद्रासजवळ पेरांबूर येथें सुरू झालेल्या कारखान्याचे डबे रोळांच्या बेअरिंगांवरच धांवूं लागले. पुढें मालाच्या वाघिणींसही मोहरबंद बेअरिंग आलें. त्यांत वंगण एकदां भरून बंद करितात, व कारखान्यांतील ठराविक तपासणीखेरीज तें उघडावें लागत नाहीं. साध्या पितळेंत तेलाचा थर गाडी थांबतांच नाहींसा होई व सुटतांना एंजिनास फार जोर पडे. रोळांमुळें ती अडचणही पुष्कळ अंशीं दूर झाली.

रत्नागिरीच्या वाट्यास आलेला इतिहास याहून चमत्कारिक आहे. रोह्यापासून मंगळूरनजीक ठोकूरपर्यंतची कोंकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजीं संपूर्ण खुली झाली. तोंवर लोकरीच्या गादीचा काळ सरत आला होता. त्यामुळें देशावरील स्टेशनांत तीन चार पिढ्यांनीं पाहिलेला झारीवाला कामगार आमच्या जिल्ह्यानें आपल्या भूमीवर जवळजवळ पाहिलाच नाहीं. करंजेलाच्या चिंधीवरून आम्हीं एकदम मोहरबंद बेअरिंगावर आलों. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यांतून जातांना डब्याखालीं आंस निमूटपणें फिरत असतो, तो कोणाच्या श्रमानें निमूट झाला हें सांगणारी मधली पिढीच येथें नाहीं. अशा ठिकाणीं वेद आणि रेल्वे यांना एकदम जोडणारीं मतें सहज रुजतात. मधला दुवा लोकांच्या स्मरणांत नसला कीं कोणताही दुवा खपतो.

आतां रुळांच्या कडेस उष्णता मोजणारीं व बेअरिंगाचा आवाज टिपणारीं यंत्रें बसवूं लागले आहेत. आंसाच्या दुष्ट वाणीची भीति बाळगणाऱ्या ऋषीची येथें आठवण होते, व ती होण्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र आठवण हा पुरावा नव्हे.

(८) निष्कर्ष

एवढ्या चर्चेवरून येणेंप्रमाणें ठरतें. आंस माखण्याची क्रिया, तिचें महत्त्व व तिचा शब्द हें आमचें जुनें धन आहे, व तें तैत्तिरीय संहितेपासून बैलगाडीपर्यंत अखंड दाखवितां येतें. आंसानें स्वतःच्या गतीनें स्वतःस तेल घेण्याची युक्ति एकोणिसाव्या शतकांतील आहे, व तिचें गणित १८८६ मधील आहे. पहिल्याचा अभिमान धरण्यास दुसऱ्यावर हक्क सांगण्याची गरज नाहीं.

संशोधकांनीं करण्याजोगें काम यापुढें आहे. गाडीच्या तुंब्याचे, खिळीचे, आंसाचे व वंगणाचे गांवोगांवचे शब्द सुतारांच्या व गाडीवानांच्या तोंडीं अद्यापि थोडेबहुत आहेत. मुंबई, पुणें, भुसावळ, सोलापूर येथें रेल्वेच्या नोकरींत वंगणपेट्या भरलेलीं कांहीं वृद्ध माणसें हयात आहेत. त्यांचे शब्द, त्यांचीं हत्यारें, तापलेली पेटी ओळखण्याच्या त्यांच्या खुणा यांची टिपणें आतांच करून ठेवलीं नाहींत तर पंचवीस वर्षांनीं कोणी त्याही वेदांत शोधूं लागेल. कोंकणांतील वाचकांनीं आपल्या भागांतील बैलगाडीच्या अवयवांचीं नांवें, तीं कोणत्या गांवांत व कोणाच्या तोंडून ऐकिलीं याच्या उल्लेखासह, मंडळाकडे लिहून पाठवावीं अशी आमची विनंति आहे.